शिळोग

सिव्हिलच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्स आणि कवळीवाल्याच्या मधे,
एक शटर आहे. अर्धं वर असलं तरी उघडं समजायचं.
'सिलोग' लिहून दिलं होतं, रंगाऱ्यानं 'शिळोग' केलं.
कुणी दाखवून दिलं की मिंदा म्हणते, बरोबरच लिहिलंय.

बाई फिलिपीन्सची. लुझविमिंदा.
एवढं नाव मिरजेच्या तोंडात मावलं नाही, मिंदा उरलं.
मिंधी मात्र कुणाची नाही:
दम्मामला अकरा वर्षं परक्या म्हाताऱ्यांची अंगं पुसली,
तिथंच अँब्युलन्सवरचा बिरनाळे भेटला.
आता तो गल्ल्यावर, ती तव्यावर.

नाश्ता दिवसभर.
माझी नाईट सुटली की मी झोपते आणि चारला उठते.
दुपारी चारला जगात कुठेच सकाळ नसते,
इथं असते. "उजाडलं का सिस्टर?" मिंदा विचारते
आणि लसूण टाकते.

भात, वर अख्खं अंडं, पिवळं न फुटलेलं,
बाजूला गोड मुरवलेलं चिकन नाहीतर सुकी मासळी,
वाटीत व्हिनेगर, त्यात चिरलेली मिरची.
सत्तर रुपये.
औषध कंपनीचा शांतिनाथ अंडं खात नाही, लसूण खात नाही,
त्याला ती साखरेत तळलेली केळ्याची सुरळी देते.
तो तीन खातो आणि बिल दोनाचं मागतो.

भात रातचा. पण उरलेला नव्हे.
शटर पडल्यावर ती चार किलो कोलम शिजवते,
परातींत पसरते, पंख्याखाली ठेवते.
ताज्या भाताला लसूण लागत नाही म्हणते.
शिळं मुद्दाम करावं लागतं,
हे मला माहीत नव्हतं.

गेल्या मंगळवारी सासूबाईंना मोतीबिंदूसाठी आणलं.
बुधवारी पट्टी निघाली, काळा चष्मा लागला, भूक लागली.
"ह्ये काय?"
"भात."
"फोडणीचा?"
"तसाच."
"रातचा?"
"रातचा."
"आन् पैसं?"
चष्मा कपाळावर सारून त्यांनी नव्या डोळ्यानं बिरनाळेकडे पाहिलं,
तासगावच्या सौद्यात बेदाण्याचा भाव पाडणाऱ्याकडे बघतात तसं.

मी गप्प.
लग्नानंतरची पहिली तीन वर्षं
सगळ्यांना ताजं वाढून झालं
की झाकलेलं एक पातेलं माझ्याकडे सरकायचं.
बोलणं काही नाही, नुसता ओट्यावर घासल्याचा आवाज.
त्यांच्याकडेही कुणीतरी तसंच सरकवलं असणार.
मी उभ्यानं खायचे.
हे कधी काढलं नव्हतं, इथंही काढणार नव्हते.

ताटल्या आल्या. अंडं बघून म्हणाल्या, "अर्धं तुला."
"मला आहे की हो."
तरी चमच्यानं कापायला गेल्या, पिवळं फुटलं,
सगळ्या भातावर पसरलं.
त्या बघतच राहिल्या.
डॉक्टरांनी सांगितलं होतं, रंग आता उजळ दिसतील.

मग खाल्लं. शीतभर ठेवलं नाही.
कडेचा करपलेला लसूण बोटानं गोळा केला.
"मीठ बेतानं हाय," म्हणाल्या.
आणि ताटलीकडेच बघत,
"तुला तवा फोडणीला त्याल बी दिलं न्हाई म्या."

गल्लीतून एक स्ट्रेचर खडखडत गेलं.
मी म्हटलं, थेंब घालायची वेळ झाली.

त्यांनी मान मागं टाकली, प्लास्टिकच्या खुर्चीवर,
मी अंगठ्यानं पापणी वर धरली.
पहिला थेंब गालावरच गेला.
"हालू नका," मी म्हटलं.
पलीकडं मिंदा
उद्याच्या शिळ्यासाठी तांदूळ निवडत होती.